‘आत ये’ म्हणणारं गाव

रस्त्यावर एखादी चकचकीत मोटार दिसली, की आई सगळ्या मुलांना घरात बोलवायची आणि पलंगाखाली लपायला सांगायची. ‘वेल्फेअर’चा माणूस असेल, सापडलात तर घेऊन जाईल, असं तिचं म्हणणं. मुलं अंग चोरून गुपचूप पडून राहायची.

इव्हॉन गुलागाँगनं ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. टेनिस आवडीनं बघणाऱ्या जुन्या मंडळींना हे नाव नक्की आठवेल. एकेरीत सात ग्रँडस्लॅम विजेतेपदं, त्यात दोनदा विम्बल्डन. पहिलं १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. दुसरं १९८० मध्ये, तीन वर्षांच्या लेकीची आई असताना.

आईची ती भीती उगाच नव्हती. इव्हॉन ऑस्ट्रेलियातल्या विराजुरी या आदिवासी समाजातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ १९७० पर्यंत तिथं सरकारी धोरण म्हणून आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडली जायची आणि संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांत नेऊन ठेवली जायची. ‘मुलांच्या भल्यासाठी’ असं त्याला गोंडस नाव! या मुलांना आता तिथं ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. फेब्रुवारी २००८ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून त्याबद्दल माफी मागितली. तोवर कित्येक आया आपल्या लेकरांची वाट बघत बघत संपून गेल्या होत्या.

अशा घरातली मुलगी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टापर्यंत पोचली कशी? तिच्या हातात कला होती हे तर खरंच. पण कला पुष्कळ जणींच्या हातात असते आणि तिथंच विरून जाते. इव्हॉनला वाटेत मदत करणारे भेटले. त्यातली काही मदत दार उघडून देणारी होती. काही मात्र दार उघडून किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवणारी. मैत्रिणींनो, बाईच्या आयुष्यात या दोन मदतींमधला फरक फार मोठा असतो. इव्हॉनची गोष्ट सांगावीशी वाटते ती त्यासाठी.

फळीची रॅकेट

सिडनीपासून पाचशे किलोमीटरहून जास्त आत, न्यू साउथ वेल्स राज्यात बरेलन नावाचं छोटंसं गाव आहे. आजूबाजूला गव्हाची शेतं आणि मेंढ्यांचे कळप. गावची वस्ती काहीशे माणसांची. इव्हॉनचा जन्म ३१ जुलै १९५१ चा, जवळच्याच ग्रिफिथ गावातला, पण ती वाढली बरेलनमध्ये. वडील केन मेंढ्यांची लोकर कातरायचे. हंगामात जिथं काम मिळेल तिथं जायचं, आज या फार्मवर तर उद्या त्या. आई लिंडा घर आणि मुलं सांभाळायची. मुलं एकूण आठ, इव्हॉन तिसरी. गावात आदिवासी कुटुंब म्हणाल तर हे एवढं एकच.

खेळणी विकत आणायची ऐपत नव्हती. वडिलांनी फळांच्या खोक्याची एक फळी तासून तिला रॅकेटसारखं काहीतरी करून दिलं. ती घेऊन पोर भिंतीवर चेंडू मारत बसायची, तासन् तास. त्याच सुमारास मुलींच्या एका मासिकातली गोष्ट तिच्या कानावर पडली. एक साधी मुलगी मेहनत करून विम्बल्डन नावाच्या ठिकाणी खेळायला जाते, अशी काहीतरी गोष्ट होती. ते ठिकाण खरोखरच जगात आहे, हे कळल्यावर मात्र तिची झोप उडाली. रात्री डोळे मिटले की तेच हिरवं गवत दिसायचं, असं तिनं सांगितलंय.

गावात टेनिसची कोर्टं होती. इव्हॉन कुंपणाला नाक लावून मोठ्यांचा खेळ बघत उभी राहायची. बिल कर्ट्झमन नावाच्या गावातल्याच एका गृहस्थांनी ते पाहिलं आणि सांगितलं, आत ये, खेळ.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पोर बघतेय, बोलावलं आत. पण तो काळ कुठला होता ते बघा. त्याच न्यू साउथ वेल्स राज्यातल्या मोरी गावात आदिवासी मुलांना पोहण्याच्या तलावात उतरायची बंदी होती. १९६५ मध्ये सिडनीच्या विद्यार्थ्यांनी बस करून तिथं जाऊन आंदोलन केलं, तेव्हा कुठे त्याची चर्चा सुरू झाली. आदिवासींना देशाच्या जनगणनेत रीतसर मोजलं जावं, यासाठी तर १९६७ पर्यंत, सार्वमत होईपर्यंत थांबावं लागलं. अशा दिवसांत बरेलनमध्ये मात्र एका गोऱ्या माणसानं लोकर कातरणाऱ्या आदिवासी मजुराच्या मुलीला क्लबच्या आत घेतलं. गाव सगळंच देवमाणसांचं होतं, असं मला म्हणायचं नाही. पण एकानं फाटक उघडलं आणि बाकीच्यांनी ते बंद केलं नाही. कधी कधी तेवढंही पुरतं.

गावानं वर्गणी काढली

सिडनीत विक एडवर्ड्स यांची टेनिसची मोठी शाळा होती. त्यांचे सहायक गावोगावी जाऊन शिबिरं घ्यायचे. बरेलनच्या शिबिरात त्यांनी इव्हॉनला पाहिलं आणि साहेबांना कळवलं. एडवर्ड्स स्वतः बघायला आले. त्यांनी भविष्य केलं, की ही मुलगी १९७४ मध्ये विम्बल्डन जिंकेल. (तिनं तीन वर्षं आधीच जिंकून दाखवलं!)

मग प्रश्न आला पैशांचा. सिडनीला जायचं तर धड कपडे हवेत, प्रवासखर्च हवा, रॅकेट हवी. केन गुलागाँगच्या मजुरीत आठ मुलांची पोटं भरत होती, तेच खूप. तेव्हा गाव पुढे आलं. लोकांनी वर्गणी काढली, कपडे दिले, सामान जमवलं. आधी सुट्ट्यांपुरती आणि मग १९६५ नंतर कायमची ती सिडनीत एडवर्ड्स यांच्या घरी राहायला गेली. तिथंच तिनं शाळा पूर्ण केली.

त्या वेळी तिच्या आईला काय वाटलं असेल! जिनं आयुष्यभर मुलांना पलंगाखाली लपवलं, कोणी उचलून नेऊ नये म्हणून जीव मुठीत धरला, तिनं स्वतःच्या हातानं चौदा वर्षांची मुलगी दूरच्या शहरात, परक्या घरी पाठवली. आपल्याकडे शिक्षणासाठी लेकीला नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात ठेवणाऱ्या आयांना ती घालमेल सांगायला नको.

किल्ली कुणाच्या हाती?

एडवर्ड्स प्रशिक्षक म्हणून पक्के होते, यात शंका नाही. इव्हॉनच्या खेळाला त्यांनी आकार दिला. पण ते तिचे फक्त गुरू राहिले नाहीत. ते तिचे कायदेशीर पालक झाले आणि व्यवस्थापकही झाले. राहायचं त्यांच्या घरात, शिकायचं त्यांच्याकडून आणि व्यवहारही सगळे त्यांच्याच हाती.

१९९३ मध्ये आलेल्या तिच्या आत्मचरित्रात तिनं एक जखम उघड केली. एडवर्ड्स यांनी आपल्याशी नको ते वागण्याचा प्रयत्न केला होता, असं तिनं त्यात लिहिलं. हे लिहिलं तेव्हा एडवर्ड्स हयात नव्हते आणि ती स्वतः चाळिशी ओलांडलेली होती. इतकी वर्षं ती का गप्प राहिली, असा प्रश्न काही जण विचारतातच. ज्याच्या हातात आपलं छप्पर, आपलं करिअर आणि आपला पैसा आहे, त्याच्याविरुद्ध एखाद्या मुलीनं बोलायचं ते कुणापाशी? घर दूर आणि उपकार तर डोंगराएवढे. उपकाराच्या ओझ्याखाली तोंड उघडत नाही, हे जगभरच्या बायकांना ठाऊक आहे. जिला आपण शिकायला, खेळायला घराबाहेर पाठवतो, तिला ‘काही खटकलं तर आधी आम्हाला सांग, खेळ गेला तरी चालेल’ हे वाक्य शिदोरीबरोबर बांधून द्यायला हवं.

एकोणीस वर्षांची विजेती

१९७१ च्या उन्हाळ्यात इव्हॉन पहिल्यांदाच फ्रेंच स्पर्धेत खेळली आणि थेट जिंकली. महिन्याभरात विम्बल्डन. उपांत्य फेरीत बिली जीन किंगला हरवलं. अंतिम फेरीत समोर होती आपल्याच देशाची, तेव्हाची सर्वांत दबदबा असलेली मार्गारेट कोर्ट. इव्हॉन लहानपणापासून जिला आदर्श मानत आली होती तीच. निकाल लागला ६-४, ६-१. लपलेली पोर जगासमोर उभी होती, पांढराशुभ्र पोशाख, त्याच्या घेराला फुलाच्या पाकळ्यांसारखी कड, आणि चेहऱ्यावर मोकळं हसू. तिचा खेळ बघणाऱ्यांना वाटायचं, ही धावत नाही, तरंगते. हरली तरी कपाळाला आठी नसायची.

त्या वर्षी विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला बक्षीस होतं ३,७५० पौंड. महिला विजेतीला १,८०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी! कोर्ट तेच, गवत तेच, घामही तोच. विम्बल्डननं दोघांचं बक्षीस समान केलं ते २००७ मध्ये.

जिंकल्यावर कौतुक भरपूर झालं. १९७१ ची ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ तीच ठरली. पण कौतुकातही बोचणारे काटे असतात. सामन्यात मध्येच तिचं लक्ष उडालं, की समालोचक म्हणायचे, ‘ती वॉकअबाउटला गेली.’ आदिवासी माणसाच्या रानावनातल्या भटकंतीसाठी गोऱ्यांनी वापरलेला हा शब्द. दुसऱ्या खेळाडूचं लक्ष उडालं तर तो खेळातला दोष, हिचं उडालं तर तो हिच्या जातकुळीचा! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेली. तिथं वर्णभेदाचा कायदा होता. काळी माणसं गोऱ्यांबरोबर खेळू शकत नसत. मग तिला ‘सन्माननीय गोरी’ ठरवण्यात आलं. सन्मान म्हणायचा की अपमान?

खेळ मात्र चालू होता. १९७४ ते १९७७ या काळात तिनं ऑस्ट्रेलियन स्पर्धा चार वेळा जिंकली. अमेरिकन स्पर्धेत १९७३ पासून सलग चार वर्षं अंतिम फेरी गाठली आणि चारही वेळा हरली. दुसरी एखादी कोलमडली असती. ही पाचव्यांदा रॅकेट उचलायला तयार.

लग्न, बाळ आणि परत कोर्ट

१९७४ मध्ये वडील मोटार अपघातात गेले. फळीची रॅकेट करून देणारे हात गेले. पुढच्या वर्षी इव्हॉननं रॉजर कॉली या इंग्लंडच्या तरुणाशी लग्न केलं. तोही टेनिस खेळलेला. लग्नानंतर एडवर्ड्स यांच्याशी असलेले संबंध तुटले. किल्ली तिनं परत मिळवली, असंच मी म्हणेन.

मे १९७७ मध्ये मुलगी झाली, केली. त्या काळी ‘बाळ झालं, आता टेनिस संपलं’ असाच हिशेब असायचा. इव्हॉननं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. बाळ सात महिन्यांचं! पुढची दोन-तीन वर्षं मात्र दुखापतींनी छळलं.

१९८० च्या विम्बल्डनला ती आली तेव्हा पहिल्या विजयाला नऊ वर्षं झाली होती. मधल्या काळात तीनदा अंतिम फेरी गाठून ती हरली होती. वय अठ्ठावीस, मांडीवर तीन वर्षांची मुलगी. समोर तरण्याताठ्या पोरी. उपांत्य फेरीत सतरा वर्षांची ट्रेसी ऑस्टिन भेटली, आदल्या वर्षीची अमेरिकन विजेती. पहिला सेट इव्हॉननं घेतला, दुसऱ्यात ०-६ असा सफाया झाला, तिसरा तिनं ६-४ असा खेचून आणला. अंतिम फेरीत ख्रिस एव्हर्ट. चुका जवळपास न करणारी, थंड डोक्याची. इव्हॉननं पहिला सेट ६-१ असा पटकन घेतला. दुसरा टायब्रेकपर्यंत गेला, आणि तोही तिनंच जिंकला.

याआधी विम्बल्डन जिंकणारी आई होती डोरोथिया लँबर्ट चेंबर्स, आणि तिचं साल होतं १९१४. मध्ये सहासष्ट वर्षं गेली. त्यानंतर २०२५ पर्यंतही दुसऱ्या कुठल्या आईनं तिथं एकेरीचं विजेतेपद मिळवलेलं नाही. सेरेना विल्यम्स मुलगी झाल्यावर २०१८ आणि २०१९ मध्ये अंतिम फेरीत पोचली, पण हरली.

तेव्हा बाळंतपणासाठी थांबलेल्या खेळाडूची कुणी वाट बघत नसे. परत यायचं तर आपल्या हिमतीवर. सेरेनाच्या वेळी यावर बरीच चर्चा झाली. मग २०१९ पासून महिला टेनिस संघटनेनं बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूंना जुन्या क्रमवारीचा आधार मिळावा म्हणून नियम सुधारले. २०२५ मध्ये तर पगारी मातृत्व रजेसारखी मदतही सुरू झाली. आपल्या सानिया मिर्झानं मुलगा झाल्यावर दोन वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०२० मध्ये होबार्टला दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता! त्या वाटेवर चाळीस वर्षांपूर्वी एकटीनं चालून गेलेली बाई ही.

१९८१ मध्ये मुलगा झाला, मॉर्गन. १९८३ मध्ये इव्हॉन व्यावसायिक टेनिसमधून बाहेर पडली.

एक गंमत सांगते. संगणकावर क्रमवारी सुरू झाली, पण सुरुवातीच्या काळातले काही कागद गहाळ झाले होते. ते २००७ मध्ये सापडले. हिशेब केला तर कळलं, एप्रिल १९७६ मध्ये दोन आठवडे इव्हॉन जगात पहिल्या क्रमांकावर होती! तिला स्वतःला हे कळलं ते एकतीस वर्षांनी. बायकांच्या कामाची नोंद बऱ्याचदा अशीच उशिरा सापडते. नोंद नव्हती म्हणून काम झालं नव्हतं, असं नाही.

आईच्या माघारी

खेळ संपल्यावर ती अमेरिकेतच राहत होती. १९९१ मध्ये आई गेली. लहानपणी ज्या ओळखीपायी लपावं लागलं, त्या ओळखीबद्दल, आपल्या माणसांबद्दल आपल्याला किती कमी माहीत आहे, हे तिला तेव्हा जाणवलं. नवरा-मुलांना घेऊन ती ऑस्ट्रेलियात परतली. नातेवाईक शोधले, जुन्या बायाबापड्यांकडून समाजाच्या कहाण्या ऐकल्या. आत्मचरित्राला तिनं नाव दिलं ते ‘होम!’, म्हणजे घर.

आणि मग तिनं दुसरी खेळी सुरू केली. २००५ पासून देशभरातल्या आदिवासी मुलामुलींसाठी तिच्या नावानं टेनिसची शिबिरं भरतात. ‘स्वप्न पाहा, विश्वास ठेवा, शिका, मिळवा’ हा त्यांचा मंत्र. सगळी मुलं विम्बल्डनला जाणार नाहीत, हे तिला चांगलं माहीत आहे. मुलांनी शाळा सोडू नये, तब्येत सांभाळावी, कामधंद्याला लागावं, यावर तिथं भर असतो. गुणी मुलांना शिष्यवृत्ती मिळते. टेनिस हे निमित्त.

अ‍ॅश्ले बार्टी ही आदिवासी वारसा असलेली मुलगी तिला गुरुस्थानी मानते. २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी, अ‍ॅश्ले खेळाला आणि प्रवासाला कंटाळून टेनिस सोडून बसली. जग म्हणालं, केवढी चूक! इव्हॉननं तिला निरोप पाठवला, की निर्णय बरोबर आहे, जा, मासे पकड. दुसरं कुणी असतं तर ‘मी तुझ्यासाठी वाट पाडली आणि तू...’ असं सुनावलं असतं. हिनं तिची किल्ली तिच्याच हातात ठेवली. अ‍ॅश्ले क्रिकेट खेळली, मन रमवलं आणि २०१६ मध्ये आपणहून टेनिसकडे परत आली. २०२१ मध्ये, इव्हॉनच्या पहिल्या विजयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, तिनं विम्बल्डन जिंकलं. अंगावर १९७१ च्या त्या पोशाखाची आठवण करून देणारा पोशाख होता. इव्हॉनला माझा अभिमान वाटला असेल ना, एवढंच ती भरल्या डोळ्यांनी म्हणाली. २०२२ च्या जानेवारीत अ‍ॅश्लेनं ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली, तेव्हा करंडक द्यायला समोर आली ती सत्तर वर्षांची इव्हॉनच. त्याच वर्षी मार्चमध्ये पंचविसाव्या वर्षी अव्वल क्रमांकावर असताना अ‍ॅश्लेनं निवृत्ती घेतली. तोही निर्णय तिचा तिनं घेतला.

बरेलनमध्ये २००९ पासून एक भलीमोठी रॅकेट उभी आहे, जवळजवळ चौदा मीटर उंच. इव्हॉनच्या लाकडी रॅकेटचीच ती थोरली प्रतिकृती. गावानं आपल्या लेकीची आठवण अशी जपली आहे.

आपल्या गावांतही कबड्डीच्या, खो-खोच्या, कुस्तीच्या मैदानाशी एखादी मुलगी रोज येऊन उभी राहत असेल. कुणाची तरी भाची असेल, कामवाल्या मावशींची लेक असेल. तिला आत बोलवायला पद लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. बूट घेऊन द्या, एसटीचं भाडं द्या, तिच्या आईशी दोन शब्द बोला. आणि एकदा ती आत गेली, की तिचं तिला खेळू द्या. तिच्या यशाची पावती आपल्या नावानं फाडायचा मोह मात्र टाळायला हवा.